भिडूंचा डाव व दैवाचा वांटा



गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें. भांडण म्हणण्याइतकें तें मोठें नव्हतें. बारा वर्षांच्या माझ्या नातीनें हातांतलीं पानें पटावर उपडीं ठेवलीं आणि ती म्हणाली, "आबा, सगळें तुम्हींच ठरवतां, मग माझीहि पाळी तुम्हींच खेळा ना!" एवढें बोलून ती गॅलरींत जाऊन उभी राहिली. ज्यानें सारा जन्म मास्तरकींत घालविला त्याला मुलांचे असले रुसवे नवे नसतात. परंतु या रुसव्याचें कारण माझ्या मनाला लागून राहिलें. कारण त्या खेळांत ती माझी प्रतिस्पर्धी नव्हती, भिडू होती. आम्ही चौघे एका बाजूला होतों, आणि दुसऱ्या बाजूला कोणीहि नव्हतें.

दुसऱ्या बाजूला कोणी नाहीं असा खेळ कसा, हा प्रश्न आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल; माझ्याहि आला होता. बुद्धिबळांत दोघे एकमेकांशीं लढतात, पत्त्यांत एक जोडी दुसऱ्या जोडीशीं लढते. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत असे पुष्कळ खेळ निघाले आहेत कीं, ज्यांत पटाभोंवतीं बसलेलीं सर्व माणसें एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात. त्यांतील कांहीं खेळ एका बैठकींत संपतहि नाहींत. आज जें घडलें त्याचा व्रण उद्यांच्या डावावर राहतो, आणि अशा दहावीस किंवा त्याहूनहि अधिक बैठकांची मालिका पुरी झाली म्हणजे खेळ संपतो. या मालिकेला ‘कॅम्पेन’, म्हणजे मोहीम, असें नांव आहे. शत्रूच्या जागीं बसतें तें दैव : पिसलेलीं पानें, नाहीं तर फांसे. तेव्हां अशा खेळांत दैवाला किती वांटा द्यावा आणि माणसाच्या युक्तीला किती, हा प्रश्न खेळ रचणाऱ्याला पहिल्याच पायरीवर सोडवावा लागतो. दैव फार झालें तर खेळणारा नुसता फांसे फेंकणारा हमाल होतो. दैव अगदींच काढून टाकलें तर काय होतें, तें माझ्या नातीनें मला शिकविलें. त्या शिकवणीनंतर मीं या प्रश्नाचा मागचा इतिहास जमेल तसा वाचला, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आपल्या ओळखीच्या खेळापासून आरंभ करूं. पचिशी व सारीपाट हे मुळांत भिडूंचे खेळ आहेत. समोरासमोर बसणारे दोघे एका पक्षाचे. चौघांच्या मिळून १६ सोंगट्या. आणि एका पक्षाच्या आठहि सोंगट्या घरांत पोंचल्याशिवाय डाव जिंकला असें होत नाहीं. म्हणून ज्याचें दान भराभर पडत असे तो जाणता खेळाडू आपली सोंगटी घाईनें घरांत घालीत नसे. तिला तो पटाभोंवतीं आणखी एक फेरा घालावयास लावी, आणि मागें रखडलेल्या भिडूच्या वाटेंतील शत्रूच्या सोंगट्या मारी. स्वतःचें नशीब चांगलें असतांना तें भिडूच्या नशिबाला उसनें द्यावयाचें, ही या खेळांतील मोठी युक्ति. अबुल फज्लनें ‘आईन-इ-अकबरी’ंत चौपडीचें वर्णन केलें आहे, आणि बादशहा या खेळाच्या निमित्तानें माणसांची पारख करीत असे, असेंहि तो सांगतो. मला तें खरें वाटतें. दान वाईट पडत असतां माणूस भिडूशीं कसा वागतो, यावरून त्याच्याविषयीं पुष्कळ कळतें.

आतां कवड्यांकडे पाहा. सहा कवड्या फेंकल्या, आणि प्रत्येक कवडी उताणी वा पालथी पडण्याचा संभव सारखा धरला, तर एकंदर ६४ प्रकार होतात. त्यांपैकीं ५० प्रकारांत दोन, तीन किंवा चार कवड्या उताण्या असतात. सहाहि उताण्या पडण्याचा प्रकार एकच, आणि सहाहि पालथ्या पडण्याचाहि एकच. खरी कवडी इतकी निःपक्षपाती नसते हें मला ठाऊक आहे. तथापि हिशेबाचें धोरण तेंच राहतें. मधलें दान नेहमींचें, टोंकाचें दान क्वचित्. म्हणजे कवडी ही लहरी असली तरी तिच्या लहरीला एक वळण आहे, आणि तें वळण ओळखून खेळणाऱ्याला बेत करतां येतो. १८९६ सालीं इंग्लंडांत ‘लुडो’ या नांवानें या खेळाचें पेटंट घेण्यांत आलें, तेव्हां कवड्यांच्या जागीं सहा बाजूंचा एक फांसा आला. या फांशाला एकापासून सहापर्यंत सर्व दानें सारखींच. त्यांत वळण म्हणून कांहीं उरलें नाहीं. शिवाय भिडूहि गेला, आणि जो तो आपापल्या चार सोंगट्यांपुरता उरला. आपल्या घराघरांत आज मुलें खेळतात तो हा सुधारलेला खेळ. सुधारणा कसली, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

मोहीम हा शब्द या खेळांत जेथून आला तें ठिकाण मात्र आपल्याकडचें नाहीं. त्यासाठीं आपणांस प्रशियांत जावें लागेल. नेपोलियनच्या धामधुमीच्या काळांत, १८१२ सालीं, फॉन रायस्विट्झ नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला युद्धाचा एक खेळ दाखविला. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें बापाचा खेळ हातीं घेऊन १८२४ सालीं तो नव्यानें रचून प्रसिद्ध केला. बुद्धिबळासारखीं चौकटीचीं घरें टाकून देऊन त्यानें खरा नकाशा घेतला, प्रमाण १ : ८०००. एका चालीचा काळ दोन मिनिटांचा. तेवढ्या वेळांत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, तें मोजून पुढें सरकावयाचें. गोळीबाराचा परिणाम मात्र मोजून ठरत नाहीं. तीच तोफ, तेंच अंतर, तरी एकदां दहा माणसें पडतात व एकदां एकहि पडत नाहीं. म्हणून त्यानें कोष्टकें केलीं, आणि कोष्टकांतील कोणता आंकडा लागू करावयाचा तें फांशानें ठरविलें.

या खेळांतील आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका पक्षाला एकच सेनापति नसे. पुष्कळदां तीनचार अधिकारी असत, आणि त्यांना आपसांत मोकळेपणीं बोलण्याची परवानगी नसे. हुकूम लिहून पंचाच्या हातीं द्यावयाचा. तो योग्य वेळ गेल्यावर दुसऱ्याच्या हातीं पडणार. खऱ्या रणांगणावर असेंच होतें, म्हणून हा नियम. सेनेच्या मुख्य कचेरीचा प्रमुख जनरल म्युफ्लिंग याला हा खेळ इतका पटला कीं, त्यानें सबंध लष्कराला त्याची शिफारस केली.

पुढें पन्नास वर्षांनीं या खेळावर एक आक्षेप निघाला. कोष्टकें पाहतां पाहतां आणि फांसे फेंकतां फेंकतां एका चकमकींत सारी संध्याकाळ जाते. त्यापेक्षां अनुभवी पंचानेंच ‘तुझी तुकडी मागें हटली’ असें सांगून कां टाकूं नये? १८७६ सालीं व्हर्डी द्यु व्हर्नुआ या प्रशियन सेनानीनें हा विचार ग्रंथरूपानें मांडला. कोष्टकें नकोत, फांसेहि नकोत. पंचाचा अनुभव पुरे. हा ‘मोकळा’ युद्धखेळ झटपट चालतो आणि शिकणाऱ्याला त्यापासून लाभहि पुष्कळ, हें निर्विवाद. परंतु त्यांत फांशाच्या जागीं पंच येऊन बसला. पूर्वीं तुकडी कां हटली याचें उत्तर ‘दान वाईट पडलें’ असें होतें. आतां तें ‘साहेबांना तसें वाटलें’ असें झालें. दैवाला खेळांतून घालवून दिलें म्हणजे त्याची खुर्ची रिकामी राहत नाहीं, कोणीतरी माणूस तिच्यावर बसतो. आणि तो माणूस किती शहाणा आहे यावर इतरांचें सुख अवलंबून राहतें. हें वाचीत असतां मला आमच्या घरची दिवाळी आठवली, हें सांगणें नकोच.

हा प्रशियन खेळ अमेरिकेस कसा पोंचला याची कथा चमत्कारिक आहे. ती थोडक्यांत सांगतों. टॉटन नांवाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें १८८० सालीं ‘स्ट्रॅटेगॉस’ हें युद्धखेळाचें पुस्तक लिहिलें. तें पुस्तक ग्रंथालयाच्या फळीवर पडून होतें. मिनेसोटांतील डेव्हिड वेसली या तरुणाच्या तें हातीं पडलें, आणि त्यांतील सर्वाधिकारी पंचाची कल्पना त्यानें १९६९ सालीं आपल्या मित्रांच्या खेळांत आणली. त्या मित्रांपैकीं एक डेव्ह आर्नेसन. त्यानें व गॅरी गायगॅक्सनें मिळून १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक पंच असतो, व इतर सर्व खेळाडू एका टोळीचे वीर असतात. ते मिळून भुयारांत उतरतात आणि राक्षसांशीं लढतात. आज जो वीर जगला तोच पुढच्या आठवड्यांत पुढें चालतो. सर्व भिडू एका बाजूला आणि डाव महिनेन् महिने चाललेला, असें जें आज आपण पाहतों त्याचा उगम येथें आहे. मोहीम हा शब्दहि युद्धखेळ खेळणाऱ्या याच मंडळींबरोबर लष्करांतून येथें आला.

मात्र या खेळांत दैव फार कठोर होतें. मूळ नियमांप्रमाणें नवशिक्या मांत्रिकाचे प्राण म्हणजे सहा बाजूंच्या एका फांशाचें दान. शत्रूच्या एका घावाची मापहि तशाच एका फांशाचें दान. म्हणजे आरंभींच्या वीराला पहिल्याच घावांत मरण येणें सहज शक्य. एका बैठकीच्या खेळांत अशा मरणाचें कांहीं वाटत नाहीं; पट आवरला कीं सारें संपलें. पण ज्या वीराला सहा महिने वाढविला, ज्याला मित्रांनीं मिळून संकटांतून सोडविला, तो एका वाईट दानानें मेला तर खेळणाऱ्याच्या मनाला तें खरोखर झोंबतें. मग दयाळू पंच काय करी ? आडोशामागें फांसा फेंकी आणि पडलेलें दान न सांगतां दुसरेंच सांगे. पुन्हां तेंच ! दैव असह्य झालें कीं माणूस त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतो. महाभारतांतील ऋतुपर्ण राजानें नलाला अक्षविद्या दिली, तेव्हां बेहड्याच्या झाडाचीं पानें-फळें क्षणांत मोजून दाखविलीं, अशी कथा आहे. फांशाला जिंकण्याची विद्या ही मोजण्याची विद्या आहे, लपविण्याची नव्हे, हें त्या कथाकाराला चांगलें ठाऊक होतें.

पंचाला रजा देऊन, केवळ पट व पानें यांच्या बळावर भिडूंचा खेळ उभा करण्याचे प्रयत्न पूर्वींहि झाले होते. तथापि ज्यानें ते लोकांच्या नजरेस आणले तो रायनर क्निट्झिया हा जर्मन गणिती. त्याचा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा खेळ २००० सालीं निघाला. त्यानंतर २००८ सालीं मॅट लीकॉक या अमेरिकनाचा ‘पॅन्डेमिक’, म्हणजे महासाथ, हा खेळ आला. हाच तो, ज्यावरून आमच्या घरीं रुसवा झाला. त्यांतील दैवाची रचना इतकी सुरेख आहे कीं, तिच्याकरितां थोडा वेळ खर्च करणें अवश्य आहे.

पटावर जगाचा नकाशा आणि ४८ शहरें. त्यांत आपलीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास हीं चारहि आहेत. चार रोग चार रंगांच्या ठोकळ्यांनीं दाखविलेले. कोणी वैद्य, कोणी शास्त्रज्ञ, कोणी दळणवळण पाहणारा, असे आपण भिडू. प्रत्येकास एका पाळींत चार कामें करण्याची मुभा. रोग कोठें वाढणार तें शहरांच्या पानांची गड्डी ठरविते. वरचें पान उलटलें, मुंबई निघाली, मुंबईंत एक ठोकळा वाढला. तीन ठोकळे असतांना चवथा यावयाचा झाला तर सांथ फुटते आणि शेजारच्या प्रत्येक शहरांत पसरते. अशा आठ सांथी फुटल्या कीं आपण हरलों.

येथवर नुसतें दैव झालें. आतां युक्ति कोठें शिरते पाहा. खेळणाऱ्यांना मिळणाऱ्या पानांच्या गड्डींत ‘महासाथ’ लिहिलेलीं कांहीं पानें घालावयाचीं असतात; परंतु तीं कशींहि मिसळावयाचीं नसतात. चौघे खेळणारे असले म्हणजे पानें वांटून ४५ उरतात. महासाथीचीं पांच पानें घ्यावयाचीं असल्यास या ४५ चे नऊ-नऊ पानांचे पांच ढीग करावयाचे, प्रत्येकांत एक अनिष्ट पान घालून तो ढीग पिसावयाचा, आणि मग ढीग एकावर एक रचावयाचे. म्हणजे दर दहा पानांत एक संकट आहे हें निश्चित. दहांतील कितवें तें मात्र अनिश्चित. एका ढिगाचें शेवटचें व पुढच्या ढिगाचें पहिलें पान संकटाचें निघालें तर दोन महासाथी पाठोपाठ येतात. उलटपक्षीं दोहोंमध्यें १८ पानांची उसंतहि मिळूं शकते. आणि महासाथ आली कीं तोंपर्यंत उलटलेलीं शहरांचीं पानें पिसून पुन्हां गड्डीच्या वरच ठेवावयाचीं ! म्हणजे जीं शहरें आधींच आजारी आहेत त्यांच्यावरच पुन्हां घाला येणार. कोणतीं शहरें, तें सर्वांना ठाऊक. कोणतें आधीं, तें कोणालाच नाहीं.

फांसा आणि गड्डी यांत हाच मोठा भेद आहे. फांशाला मागचें कांहीं आठवत नाहीं. दहा वेळां फेंकून एकदांहि सहा न पडण्याचा संभव शेंकडा सोळांच्या आसपास असतो, आणि अकराव्या वेळीं फांसा आपल्यावर दया करीत नाहीं. गड्डीला मात्र स्मरण असतें. जें पान गेलें तें गेलें. उरलेल्यांचा हिशेब करतां येतो. दैव तेंच, पण त्याला मागेंपुढें पाहण्याची संवय लावलेली.

झालें असें कीं, माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला हा हिशेब फारच भावला. आमच्या घरांत सर्वांचीं पानें उघडीं, पट उघडा, गेलेलीं शहरें उघडीं. मग मी सांगूं लागलों : "तूं कराचीला जा, तूं तुझें पान आईला दे, तूं येथेंच थांब." मी सांगितलेलें बहुधा बरोबर असे. आम्ही चार डाव सलग जिंकलों. पांचव्या डावांत नात गॅलरींत जाऊन उभी राहिली. तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें : चौघांच्या नांवानें एकटा मी खेळत होतों. शाळेंत असतां फळ्यावर गणित सोडवून दाखवितांना मुलांच्या हातांतला खडू मीं किती वेळां काढून घेतला असेल, हा विचार त्या रात्रीं माझ्या मनांत आला, व तो फारसा सुखाचा नव्हता.

युक्तीला सगळें उघडें मिळालें म्हणजे असें होतें, ही गोष्ट खेळ रचणाऱ्यांच्याहि ध्यानांत आलेली आहे. आयझॅक चिल्ड्रेस या अमेरिकनाचा ‘ग्लूमहेवन’ हा मोहिमेचा खेळ २०१७ सालीं निघाला. माझ्या भाच्याच्या घरीं पुण्यास मीं तो पाहिला. पेटीच नऊ-दहा किलोंची आहे, आणि माझ्यानें ती उचलवली नाहीं. त्यांत सुमारें ९५ प्रसंग आहेत. दोनतीन वर्षें लोक तो खेळत राहतात. त्यांत फांसे नाहींत. प्रत्येक वीरापाशीं २० पानांची एक लहान गड्डी असते, आणि घाव घालतांना तींतलें एक पान उलटावयाचें. सहा पानांवर शून्य. पांचांवर एक अधिक, पांचांवर एक उणें. एकावर दोन अधिक, एकावर दोन उणें. एका पानानें घाव दुप्पट होतो आणि एका पानानें तो साफ फुकट जातो. बेरीज-वजाबाकी बरोबर जुळविलेली आहे. पण पुढें जसजसा वीर अनुभवी होतो तसतशी त्याला आपल्या गड्डींतील उणीं पानें काढून टाकण्याची सवलत मिळते. दैवाला कोणी हद्दपार करीत नाहीं. आपल्या वागणुकीनें तें हळूहळू सुधारून घ्यावयाचें.

याच खेळांतील विश्रांतीचा नियम मला सर्वांत आवडला. थकलेल्या वीरानें वापरलेलीं पानें पुन्हां हातांत घ्यावयाचीं तर त्यांतील एक कायमचें गमवावें लागतें. घाईची विश्रांति घेतली तर कोणतें पान जाणार तें दैव ठरवितें. लांब विश्रांति घेतली तर पान आपण निवडावयाचें; मात्र तेवढ्यांत एक पाळी वायां जाते, आणि समोर राक्षस उभे असतात. दैवावर सोंपवावें तर वेळ वांचतो, स्वतः निवडावें तर वेळ जातो. युक्ति आणि दैव यांचा सौदा इतक्या उघड भावानें मांडलेला मीं दुसऱ्या कोणत्याहि खेळांत पाहिला नाहीं.

आणि शेवटीं, या खेळांत आपलीं पानें भिडूला दाखवावयाचीं नाहींत, पानांवरचे आंकडेहि सांगावयाचे नाहींत. ‘मी लौकर हालचाल करीन’, ‘त्या दारापाशीं मी जाणार आहें’, एवढेंच मोघम बोलावयाचें. रायस्विट्झच्या अधिकाऱ्यांना आपसांत बोलावयाची बंदी होती, तोच हा नियम दोनशें वर्षांनीं परत आला. तेव्हां तो रणांगणाच्या खरेपणासाठीं होता. आतां तो घरांतल्या मास्तरासाठीं आहे.

आमच्या घरीं हा नियम आम्ही लागू केला तो या उन्हाळ्यांत. तोंपर्यंत माझ्या मुलानें ‘पॅन्डेमिक लेगसी’ आणला होता. लीकॉक आणि रॉब डेव्हिओ यांनीं २०१५ सालीं काढलेला हा महासाथीचाच मोहिमेचा अवतार. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बारा महिने. एक महिना हरलां तर तो आणखी एकदां खेळतां येतो, मग पुढें जावेंच लागतें. म्हणजे बारापासून चोवीस डाव. कांहीं पानें फाडून टाकावयाचीं असतात. ज्या शहरांत सांथ फुटते त्यावर घबराटीची चिठ्ठी कायमची चिकटवावी लागते, आणि तेथें उभ्या असलेल्या भिडूच्या पात्राला एक व्रण मिळतो, तोहि कायमचा. दैवाची मार इतकी टिकाऊ असल्यामुळें रचणाऱ्यांनीं एक उतारहि ठेवला आहे : आरंभीं साहाय्याचीं चार पानें मिळतात, डाव जिंकलां तर पुढच्या वेळीं दोन कमी, हरलां तर दोन अधिक. पडत्या माणसाला हात द्यावयाचा, चढत्याचा थोडा ओढावयाचा. पेटींतील पुढचीं गुपितें मी फोडणार नाहीं. ज्यांना खेळावयाचें असेल त्यांच्यावर तो अन्याय होईल.

एका डावांतला एकच प्रसंग सांगतों. मुंबई व मद्रास दोन्ही शहरांत तीन-तीन ठोकळे होते. नुकतीच महासाथ येऊन गेली होती. गड्डीच्या वरच्या सात पानांत हीं दोन्ही शहरें आहेत हें आम्हांला ठाऊक होतें, आणि नातीच्या पाळीच्या अखेरीस त्यांतील दोन पानें उलटणार होतीं. म्हणजे प्रत्येक शहरावरची आपत्ति सातांत दोन. नात वैद्य होती, दिल्लीस होती, आणि तिच्यापाशीं दोनच कामें उरलीं होतीं : एका शहरीं जावयाचें आणि तेथला रोग निपटावयाचा. या पटावर मुंबईला शेजारचीं शहरें तीन. मद्रासला पांच, आणि त्यांत मुंबईहि आलीच. मद्रास फुटलें तर मुंबईहि फुटणार. तेव्हां हिशेब स्पष्ट होता. तोंड उघडून सांगण्याचा मोह मला फार झाला. पण नियम नियम आहे. मी गप्प बसलों.

ती मुंबईला गेली. पानें उलटलीं. दुसरें पान मद्रासचें निघालें, आणि बंगालच्या उपसागरापलीकडे बँकॉक व जाकार्तापर्यंत ठोकळे पसरले. त्या महिन्याचा डाव आम्ही हरलों. मद्रासवर चिठ्ठी चिकटवितांना मीं तिला विचारलें, "मद्रासला कां गेली नाहींस ?"

"मुंबईंत तुम्ही उभे होतां ना, आबा," ती म्हणाली. "तुम्हांला व्रण झाला असता."

माझ्या हिशेबांत तो व्रण मीं खर्चीं टाकून ठेवला होता. चिठ्ठी तिनें माझ्या हातून घेतली, कोपरे दाबून नीट बसविली, आणि त्याच महिन्याच्या दुसऱ्या डावासाठीं पानें पिसावयास घेतलीं.